विचारा जिभाऊंना : कोरोनातले जीआर अन् त्यातली तारीख

मागच्या अंकात सहज लिहून गेलो होतो की कोरोनातले शाळांचे जीआर अजून पुरते मिटलेले नाहीत, कुणाचं काही अडकलं असेल तर कळवा. झालं, पत्रं काय, व्हॉट्सअ‍ॅप काय, भाजीबाजारात गाठून विचारणारे काय, सगळं साचत गेलं, म्हणून हा अख्खा कॉलम त्यावरच. मी अनुदानित शाळेतला रिटायर हेडक्लार्क, शिकवणं हे माझं काम कधीच नव्हतं, पण जीआर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लागलेली आहे. त्यात दोनच गोष्टी आधी बघायच्या, पोरांचा आकडा कुठल्या तारखेचा धरलाय अन् पैसे कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटच्या कुठल्या खात्यातून, येणार. बाकीचा मजकूर चहा पीत वाचला तरी चालतो.

प्रश्न : जिभाऊ, रामराम. मनी आंडेर अमेरिकामा शे, कॅलिफोर्नियात. नातू तिथं चार्टर स्कूलमध्ये जातो. कोरोनात शाळेनं त्याला लॅपटॉप घरी दिला, जेवणाची पाकिटं गाडीतून येऊन घेऊन जा म्हणाले, अन् फी एक डॉलर नाही. इकडे पुतण्याकडून इंग्लिश मिडीयमवाले ऑनलाइनची पण फुल फी मागत होते. आमचे व्याही म्हणतात चार्टर म्हणजे प्रायव्हेट शाळा. मग प्रायव्हेट असून फी नाही हे कसं काय?
— केळीवाले एक आजोबा, रावेर तालुका

जिभाऊ : आबा, व्याह्यांचं निम्मं बरोबर आहे, कारभार प्रायव्हेट असतो पण शाळा सरकारी पैशावर चालते, म्हणून फी घेताच येत नाही. आपल्याकडची अनुदानित संस्था डोळ्यासमोर आणा म्हणजे लवकर समजेल. याचा पहिला कायदा मिनेसोटा राज्यानं १९९१ ला केला, पहिली शाळा १९९२ ला सेंट पॉल गावात उघडली, अन् त्याच वर्षी तुमच्या लेकीच्या कॅलिफोर्नियानं पण कायदा केला. चार्टर म्हणजे करारपत्र. एखादी संस्था किंवा शिक्षक-पालकांचा गट स्थानिक शिक्षण मंडळाकडे जातो, आम्ही अशी अशी शाळा चालवू, पोरांना इतकं इतकं आणून दाखवू असं लिहून देतो, मग मंजुरी मिळते. कॅलिफोर्नियात ती पहिल्यांदा जास्तीत जास्त पाच वर्षांची, पुढे काम बघून रिन्यू होते, नाही झालं तर शाळेला कुलूप. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात, मार्क बघून किंवा कुणाची चिठ्ठी बघून अ‍ॅडमिशन नाही. अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या शंभर पोरांत साधारण सात-आठ पोरं अशा शाळांत असतात, म्हणजे फार नाही पण थोडंथोडकं पण नाही.

आता लॅपटॉपचं. तो शाळेच्या गल्ल्यातून आला की दिल्लीसारख्या वॉशिंग्टनहून आला हे तुमच्या नातवाच्या शाळेचे कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, पण वरून पैसा किती सुटला ते सांगतो. २७ मार्च २०२० ला त्यांचा पहिला मोठा कायदा झाला, त्यात शाळांसाठी १३ अब्ज डॉलरच्या वर, डिसेंबर २०२० ला आणखी ५४ अब्ज, अन् मार्च २०२१ ला १२२ अब्ज. वाटप कसं, तर गरीब पोरांसाठीचा जो जुना केंद्राचा निधी आहे त्यात ज्याचा जेवढा वाटा त्याच प्रमाणात. म्हणजे नवा फॉर्म्युला काढायला समिती नाही, समितीचा अहवाल नाही, अहवालावर अभिप्राय नाही! स्वतंत्र युनिट म्हणून धरलेल्या चार्टरला थेट पैसे, अन् जी जिल्ह्याच्या छत्राखाली आहे तिला जिल्ह्यामार्फत. तिसऱ्या हप्त्याला अट घातली की निदान २० टक्के रक्कम पोरांचं बुडालेलं शिक्षण भरून काढायलाच वापरा. ही अट मला फार आवडली, नाहीतर त्यातल्या निम्म्याचं कंपाउंड वॉल झालं असतं, तिथं पण.

जेवणाचं पण तसंच. शाळेत बसूनच खायचं हा त्यांचा नियम होता, तो केंद्रानं सैल केला, आईबापांनी येऊन पाकीट न्यायला परवानगी दिली, अन् जून २०२२ पर्यंत घरचं उत्पन्न न विचारता पोरांना फुकट जेवण देता येत होतं.

पण आबा, व्याह्यांसमोर फार कॉलर ताठ करू नका. छोट्या धंद्यांना पगार करता यावेत म्हणून तिकडे कर्जाची एक स्कीम होती, अटी पाळल्या की कर्ज माफ. चार्टर चालवणाऱ्या बऱ्याच संस्था कागदोपत्री ना-नफा खाजगी संस्था, त्यामुळे त्यांनी तिथून पण पैसे उचलले, अन् साध्या सरकारी शाळांना ती स्कीम लागूच नव्हती. लोकांनी बोंब मारली की अनुदान घेताना तुम्ही सरकारी अन् कर्ज घेताना खाजगी, हे कसं? बोंब रास्त होती. संस्थाचालक इथला असो नाहीतर तिथला, दोन्ही दरवाजे उघडे दिसले की दोन्हीकडून आत जातो.

प्रश्न : सर, आमची पहिली ते आठवी अनुदानित शाळा, साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात. कोरोनात शाळा बंद पडली अन् पोरं आईबापाबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेली, काही परत आलीच नाहीत. पट घसरला, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, एक पद अतिरिक्त ठरलं अन् ते नेमकं माझं. महामारीत पट कमी झाला यात शिक्षकाची काय चूक? इतर ठिकाणी पण असंच झालं का?
— एक उपशिक्षक

जिभाऊ : सर, तुमच्या प्रश्नासाठीच मी या कॉलमात चार्टरला जागा दिली असं समजा, कारण हाच घोळ तिकडे झाला अन् त्यांनी त्यावर जे केलं ते बघण्यासारखं आहे, चुकलं ते पण.

कॅलिफोर्नियात शाळेला पैसे मिळतात ते पटावर नाही, रोजच्या हजेरीच्या सरासरीवर. पोरगं घरी राहिलं की शाळेचा पैसा कापला. आता मार्च २०२० ला शाळा बंद पडल्यावर हजेरी घेणार कुणाची? म्हणून आधी फेब्रुवारी २०२० च्या अखेरपर्यंतची हजेरी धरली, अन् मग जून २०२० ला कायदा केला की २०२०-२१ चे पैसे सुद्धा २०१९-२० च्याच हजेरीवर देऊ. ज्यांची पोरं गळाली त्या शाळा वाचल्या. पण ज्या चार्टर शाळा दरवर्षी एकेक वर्ग वाढवत होत्या, सहावी झाली आता सातवी सुरू, त्यांच्याकडे पोरं नवी अन् पैसे जुन्या आकड्याचे. त्या शाळा ओरडल्या, काही पालक अन् शाळा कोर्टात गेल्या, शेवटी सप्टेंबर २०२० ला दुरुस्ती करून वाढलेल्या पोरांचे पैसे द्यायची सोय केली. त्यातून सुद्धा ज्या चार्टर मुळातच घरी बसून किंवा ऑनलाइन शिकवणाऱ्या होत्या त्यांना वगळलं. ते वाचायला वाईट वाटतं, कारण कोरोनात पालक त्यांच्याकडेच पळत होते, पण २०१९ ला अशाच ऑनलाइन चार्टरचं एक जाळं चालवणाऱ्यांवर तिकडे कोट्यवधी डॉलरच्या फसवणुकीचा खटला उभा राहिलेला, पोरं पटावर दाखवून पैसे उचलल्याचा, आणि २०२० पासून तसल्या नव्या शाळांना मंजुरी देणंच राज्यानं थांबवलेलं. बोगस पट ही काय आपलीच मक्तेदारी नाही सर.

म्हणजे बघा, जुनी तारीख धरली तर वाढणारा मरतो अन् नवी तारीख धरली तर गळालेला मरतो. दोन्हीपैकी जे जास्त ते धरा एवढं सांगायला त्यांना तीन महिने लागले.

आपल्याकडे पट म्हणजे पदं. पाचवीपर्यंत ३० पोरांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मागे एक, साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक हे आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टातच आहे, अन् त्यावर पुढे आधार जुळलेली पोरंच संचमान्यतेला धरायचं सुरू झालं, म्हणजे पोरगं वर्गात बसलेलं दिसतंय पण आधारवर नावाची वेलांटी चुकली म्हणून ते मोजायचं नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं २०२० चं रजिस्टर मला आठवतं, हजेरीच्या रकान्यात पी-ए ऐवजी मोबाईल नंबर लिहिलेले, काहींसमोर लाल पेनानं 'बंद', काहींसमोर 'बापाकडे असतो, रात्री ९ नंतर', अन् एकासमोर नुसतं 'बारडोली'. असल्या रजिस्टरची संचमान्यता कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करणार?

आता तुमचं काम. अतिरिक्त ठरलात म्हणजे नोकरी गेली नाही, समायोजन होतं, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेतात, पगार चालू राहतो, तेव्हा संस्थेनं 'राजीनामा द्या, पुढे बघू' असं म्हटलं तर चुकूनही सही करू नका. सेवाज्येष्ठता यादीवर हरकत असेल तर लेखी द्या अन् पोच घ्या. दुसरं, पोरांसाठी. स्थलांतर करणाऱ्या पोराला जाताना शिक्षण हमी कार्ड द्यायची पद्धत आपल्या राज्यात आहे, त्यावर ते कुठल्या वर्गात होतं, काय येतं हे लिहिलेलं असतं, म्हणजे जिथं जाईल तिथं बसता येतं अन् परत आलं की तुमच्याकडे नाव शोधत बसायला नको. जुलै २०२२ ला 'मिशन झिरो ड्रॉपआउट' म्हणून शाळाबाह्य पोरं शोधायची मोहीम काढली होती, पण सर, जुलैमध्ये आपल्याकडची माणसं गावातच असतात, पेरण्या चालू असतात. गाव रिकामं होतं दिवाळीनंतर. मोजायचं तर तेव्हा मोजा ना!

प्रश्न : जिभाऊ, आमच्या मुलीचा दाखला शाळेनं अडवलाय. २०२१-२२ ची फी थकली होती, तेव्हा मिस्टरांचं काम बंद होतं. सरकारनं १५ टक्के माफी दिली होती असं ऐकलं, शाळा म्हणते तसलं काही नव्हतं. आता आठवी झाली, दुसऱ्या शाळेत टाकायचंय.
— एक आई, भुसावळ

जिभाऊ : ताई, होतं. १२ ऑगस्ट २०२१ चा जीआर आहे, सगळ्या मंडळांच्या खाजगी शाळांनी २०२१-२२ च्या फीत १५ टक्के कपात करायची, कुणी आधीच पूर्ण भरली असेल तर पुढे वळती करायची नाहीतर परत द्यायची, अन् फी भरली नाही म्हणून पोराला वर्गात बसायला मनाई करायची नाही की निकाल अडवायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तो आकडा आला सुप्रीम कोर्टाच्या ३ मे २०२१ च्या राजस्थानच्या निकालातून. त्याआधी ८ मे २०२० चा एक जीआर होता, फीवाढ करू नका म्हणणारा, त्यावर संस्था हायकोर्टात गेल्या अन् जूनमध्ये स्थगिती आणली, नंतरच्या १५ टक्क्यांवरसुद्धा काही जण कोर्टाची पायरी चढलेच. म्हणून शाळेचे लोक 'स्टे होता' म्हणतात. कुठल्या जीआरवर स्टे होता ते विचारा, बहुतेक वेळा पुढचं वाक्य येत नाही.

पण खरं सांगू का, तुमचा प्रश्न फीचा नाही, दाखल्याचा आहे, आणि ते दोन वेगळे ठेवा. आरटीई कायद्याचं कलम ५ काढा. मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा, अन् दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही, हे त्यातच लिहिलंय. नववीचा प्रवेश आहे म्हणून नवी शाळा म्हणेल की आरटीई आठवीपर्यंतच, तर जून २०२१ ला शिक्षण विभागानं नववी-दहावीसाठी पण तेच सांगितलेलं आहे, जन्माच्या दाखल्यावर वय बघून वर्गात बसवा म्हणून. साधा अर्ज करा, दोन प्रती, एकीवर शाळेचा आवक नंबर अन् शिक्का. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे. फीचं भांडण करायचं तर ते नाशिकच्या विभागीय शुल्क नियामक समितीपुढे, पण तिथं एकट्या पालकाचं चालत नाही, २५ टक्के पालक एकत्र लागतात, अन् २५ टक्के पालक एकत्र आणणं म्हणजे काय ते तुमच्या क्लासचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघितला की कळेल.

तरी जी फी खरोखर देणं लागते, १५ टक्के वजा करून, ती हप्त्यानं देते असं अर्जातच लिहा. बुडवायची नाही, हे कागदावर दिसू द्या.

प्रश्न : २०२१ च्या उन्हाळ्यात पोषण आहाराचे पैसे पोरांच्या खात्यात येणार होते. पोराचं खातं काढायला बँकेत गेलो तर हजार रुपये ठेवा म्हणाले. ते पैसे किती होते हो?
— एक मजूर पालक, एरंडोल

जिभाऊ : पहिली ते पाचवीला १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४. हो, अख्ख्या उन्हाळ्याचे. १५६ साठी हजार भरायचे हा हिशोब ज्यानं काढला त्याला माझा दंडवत. अमेरिकेत पण शाळेच्या जेवणाऐवजी पैसेच दिले, पण ते एका कार्डावर टाकून दिले, दुकानात जा अन् किराणा आणा, बँक मध्ये नाही. तुम्ही खातं काढलंच असेल तर पासबुक भरून बघा. अन् पुन्हा कधी वेळ आली तर झिरो बॅलन्सचं खातं मागा, दहा वर्षांवरच्या पोराला ते मिळतं.

प्रश्न : सर मी २०२१ चा दहावी पास, धडगाव तालुका. आमना गावमा रेंजच नही, डोंगरावर चढून व्हिडिओ डाउनलोड करायचो. आता जॉबला गेलो की मार्कशीटवरचं वर्ष बघून हसतात, कोरोना बॅच म्हणतात. परत दहावीला बसू का?
— एक तरुण

जिभाऊ : नको रे भावा. बसून काय मिळवशील, एक वर्ष घालवशील.

तुझ्या मार्कशीटचं गणित आधी तू नीट समजून घे, म्हणजे हसणाऱ्याला सांगता येईल. १०० पैकी ५० मार्क तुझ्या नववीचे, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे, २० तोंडी-प्रॅक्टिकलचे. आता नववी तुझी २०१९-२० ची, तिची दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिल २०२० ला रद्दच झाली होती, म्हणजे ते ५० मार्क उभे होते पहिल्या सत्रावर, दिवाळीआधीच्या परीक्षेवर, तेव्हा कोरोना हा शब्द पण कुणाला माहिती नव्हता! म्हणून फुकटचे मार्क म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला हे खरं, त्यामुळे ज्यानं खरंच अभ्यास केला तो गर्दीत हरवला हे पण खरं, अन् त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. अकरावीला सीईटी घेऊ म्हणाले, २१ ऑगस्ट २०२१ तारीख ठरली, १० ऑगस्टला हायकोर्टानं ती पण रद्द केली. हे सगळं तुझ्या हातात होतं का?

अन् अमेरिकेत काय वेगळं झालं? २०२० च्या वसंतातल्या त्यांच्या सगळ्या राज्य परीक्षा केंद्रानं माफ केल्या, २०२१ ला म्हणाले सरसकट माफी नाही पण लांबवा, छोट्या करा, घरून घ्या. त्यांच्यापुढं अडचण वेगळीच, परीक्षाच नाही तर चार्टरवाल्यांचा करार कशावर रिन्यू करायचा? म्हणून कॅलिफोर्नियानं २०२१ ला कायदा करून मुदत संपत आलेल्या चार्टरना सरळ दोन वर्षं वाढवून दिली. शाळेला दोन वर्षांची सूट मिळते, पोराला कोण देतं.

तू बारावी केली असशील तर ती २०२३ ची, पूर्ण सिलॅबसवरची, नेहमीसारखी परीक्षा. बायोडाटात ती वर टाक, दहावी खाली. आयटीआय केलं असेल तर ते वर. आणि जो हसतो त्याला विचार, डोंगरावर चढून व्हिडिओ डाउनलोड करून शिकलेला पोरगा तुमच्याकडे आणखी कोणी आहे का. हे बायोडाटात लिहायला पण हरकत नाही, मी माणूस घेणारा असतो तर तेच आधी वाचलं असतं.

टीव्हीवर सह्याद्रीला 'टिलीमिली' लागायची, दीक्षा अ‍ॅप होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्वाध्याय' यायचा, हे सगळं चांगलंच होतं, पण सातपुड्यात ज्या पाड्यावर लाईट दुपारी जाते ती दुसऱ्या दिवशी येते तिथं सह्याद्री लावणार कशावर? जुलै २०२१ ला मात्र एक जीआर खरंच शहाणपणाचा निघाला, जे गाव महिनाभर कोरोनामुक्त त्यानं ग्रामपंचायतीचा ठराव करून, पालकांची संमती घेऊन आठवी ते बारावीचे वर्ग भरवावेत. मुंबईत बसून धडगावची शाळा बंद ठेवण्यापेक्षा गावाला विचारा, हे सुचायला सव्वा वर्ष गेलं.

प्रश्न : जिभाऊ, माझी बहीण एप्रिल २०२१ ला कोरोनानं गेली. भाचा आमच्याकडे शहाद्याला शिकतो, त्याचे वडील आहेत पण त्यांचं काही खरं नाही. पाच लाख मिळतात म्हणतात, ते मिळतील का?
— एक मामा

जिभाऊ : दादा, बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. त्या एप्रिलमध्ये घराघरात तेच होतं.

पाच लाखाची मुदत ठेव ही राज्याची योजना, १७ जून २०२१ च्या जीआरची, ती आई अन् वडील दोघंही गेलेल्या पोरांसाठी, त्यातला निदान एक मृत्यू कोविडचा. रक्कम पोराच्या नावावर असते, २१ वर्षांचा झाला की व्याजासकट मिळते. केंद्राची पीएम केअर्सची पण दोन्ही पालक गेलेल्यांसाठीच, ११ मार्च २०२० ते ५ मे २०२३ मधले मृत्यू धरतात, २३ व्या वर्षी दहा लाख. तुमच्या भाच्याचे वडील हयात आहेत म्हणून या दोन्हींत तो बसत नाही, उगाच एजंटाला पैसे देऊ नका.

बसतो कशात, तर बालसंगोपन योजनेत. त्यात एकच पालक राहिलेली पोरं चालतात, कोविडनंच मृत्यू पाहिजे असं पण नाही, महिन्याला २२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. नंदुरबारला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं ऑफिस, तिथं अर्ज, मग बालकल्याण समितीपुढे जायचं. बहिणीचा मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, वडिलांची सही लागेल, तर त्यांच्याशी सध्या भांडू नका. शिवाय कोविडच्या प्रत्येक मृत्यूमागे जे ५० हजार सानुग्रह मिळायचे ते वडिलांनी उचललेत का हे एकदा विचारून घ्या, नुसतं माहिती असावं म्हणून.

प्रश्न : आपण वरचेवर चार्टरचं कौतुक करता असं ऐकलं. आमची संस्था जुनी आहे. महाराष्ट्रात चार्टर पद्धत आणली तर आमच्यासारख्यांना मोकळा हात मिळेल, असं वाटतं. आपलं मत?
— एक संस्थाचालक, अमळनेर तालुका

जिभाऊ : नानासाहेब, कौतुक करत नाही, हिशोब वाचतो. अन् मोकळा हात कशाला पाहिजे ते आधी सांगा. पगार सरकारचा, इमारत बऱ्याचदा लोकवर्गणीची, नेमणुकीची शिफारस तुमची, हात अजून किती मोकळा करायचा? तुम्हाला चार्टर मधला खाजगी कारभार दिसतोय, करार दिसत नाही. तिथं ठराविक वर्षांनी कुणीतरी कागद उघडून विचारतं की तुम्ही जे लिहून दिलं होतं ते झालं का, अन् नाही झालं तर शाळा बंद. आपल्याकडे एकदा अनुदान लागलं की संस्था पिढ्यान्‌पिढ्या, अध्यक्षांनंतर अध्यक्षांचे चिरंजीव. ते कलम घेऊन येत असाल तर मी स्वतः तुमच्या अर्जाचा ड्राफ्ट करून देतो.

शिक्षकांच्या बाजूनं पण बघावं लागेल. आपल्याकडे १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे म्हणून वरच्या साक्रीच्या सरांचं समायोजन होतं. तिकडच्या बऱ्याच चार्टरमध्ये शिक्षकाला युनियन नाही, शाळा बंद तर नोकरी बंद. कोरोनात आपल्या शिक्षकांनी चेकपोस्टवर उभं राहून ड्युटी केली, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' चा सर्व्हे घरोघरी जाऊन केला, ड्युटीवर गेलेल्यांच्या घरच्यांना ५० लाखांचं कवच होतं. करारावरच्या शिक्षकाला हे सगळं कोणी दिलं असतं, सांगा.

अन् सरकारला शाळांच्या रचनेत हात घालायचा असला की त्याची नजर आपल्याच भागावर पडते. २०२३ ला कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं पत्र निघालं तेव्हा नमुना म्हणून कुठली नावं दिली, तर पुण्यातलं पानशेत अन् आपलं तोरणमाळ. आता तोरणमाळच्या पाड्यांवरच्या पोरांना एका जागी राहायची-खायची सोय करून शिकवणं ही एक गोष्ट, अन् वीसच्या आत पट म्हणून गावोगावच्या शाळा गोळा करणं ही दुसरी. पहिलीला खर्च लागतो, दुसरीनं वाचतो. त्या कागदावर लेखाशीर्ष शोधा, मग कोणती गोष्ट चाललीय ते कळेल.

तुम्ही पत्रात खाली बारीक अक्षरात विचारलंय की कोरोनातल्या दोन वर्षांचं वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचं, राहिलंय ते मागता येईल का. मागा ना. त्या दोन वर्षांचं ऑडिट झालेलं असेल तर ऑडिट रिपोर्ट, पटाचा दाखला अन् खर्चाची व्हाउचर लावून वेतन पथकाकडे नाही तर शिक्षणाधिकारी माध्यमिककडे प्रस्ताव टाका. ऑडिट झालेलं नसेल तर आधी ते करा, बाकी बोलणं नंतर.